मधली भिंत काढायची आहे? आधी तिच्यावर काय बसलंय ते बघा

चवथ जवळ आली की गोव्यातल्या जुन्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: जागा पुरत नाही. मुंबई, पुणे, दुबईला पांगलेलं घराणं गणपतीला एकत्र येतं. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधायला, आरतीला उभं राहायला, रात्री भजनाला बसायला खोली अपुरी पडते. मग कुणीतरी म्हणतंच, "ही मधली भिंत काढली तर?" पणजी-मडगावच्या फ्लॅटवाल्यांचं कारण वेगळं असतं, त्यांना हॉल आणि स्वयंपाकघर एकच हवं असतं. आणि बार्देसात जुनं घर घेऊन होमस्टे काढणाऱ्यांना तर प्रत्येक भिंत अडचणच वाटते.

गवंड्याला बोलावलं जातं. तो भिंतीवर दोन थापा मारतो, आवाज ऐकतो आणि सांगतो, दोन दिवसांचं काम. ते खोटं नाही. भिंत पाडायला दोन दिवस पुरतात. पण ती भिंत इतकी वर्षं जे काम करत होती ते दुसऱ्या कशाकडे तरी सोपवायला काही आठवडे लागतात, आणि खरा खर्चही तिथंच होतो. तो भाग बहुतेक वेळा कोटेशनमध्ये लिहिलेलाच नसतो.

## भिंत नक्की काय करते?

काही भिंती नुसता आडोसा करतात. दोन खोल्या वेगळ्या करायच्या म्हणून त्या उभ्या असतात, त्यांच्यावर त्यांच्या स्वतःच्या वजनापलीकडे काही नसतं. काही भिंती मात्र वरचं छप्पर, स्लॅब किंवा माडी उचलून धरतात आणि ते ओझं पायापर्यंत पोचवतात. अशा भिंतीला भारवाही भिंत म्हणतात. या लेखात लक्षात ठेवायचा जड शब्द एवढाच.

भारवाही भिंत काढली की काय होतं हे समजायला जत्रेतली पालखी डोळ्यांसमोर आणा. चार भोयांपैकी एक बाजूला झाला म्हणून पालखी हलकी होत नाही. त्याचा वाटा उरलेल्या तिघांच्या खांद्यावर जातो, आणि तिघांपैकी कुणाचा खांदा आधीच दुखरा असेल तर तो आधी वाकतो. घरातही वजन तेवढंच राहतं, फक्त वाट बदलतं. नवी वाट आपण ठरवून दिली नाही तर ते स्वतःच शोधतं: शेजारच्या भिंतीच्या कोपऱ्यातून, दाराच्या चौकटीवरून, नाहीतर स्लॅबच्या पोटातून, जिथं ते पेलायला सळ्याच घातलेल्या नसतात.

म्हणून भिंत जाड आहे की पातळ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे की तिच्यावर काय बसलंय, आणि ती गेली तर ते कुठं जाईल.

## फ्लॅट असेल तर काम बरंचसं सोपं

बहुमजली इमारतीत साधारणपणे काँक्रीटचे खांब, त्यांना जोडणारे बीम आणि बीमवर स्लॅब असा सांगाडा असतो. वजन स्लॅबवरून बीमकडे, बीमवरून खांबाकडे आणि तिथून पायात जातं. मधल्या जागा चिऱ्यांनी (जांभ्या दगडांनी), विटांनी किंवा सिमेंटच्या ब्लॉकनी नंतर भरलेल्या असतात. आतल्या चार-साडेचार इंची भिंती बहुतेक अशाच, त्यामुळे हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढता येण्याची शक्यता चांगली असते. काढल्यावर खालच्या स्लॅबवरचं ओझं उलट कमीच होतं.

तरी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, इमारत कुठल्या पद्धतीनं बांधलीय. अलीकडे काही मोठ्या प्रकल्पांत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात. तिथं खांब शोधून सापडत नाहीत, कारण भिंतीच खांबांचं काम करतात. अशा फ्लॅटमध्ये खिळा ठोकायला ड्रिल लागतं. भिंत काढण्याचा विचार तिथंच सोडून द्यावा. दुसरी गोष्ट लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतींची. त्या वारा आणि भूकंपाचा आडवा धक्का घेण्यासाठी असतात, त्यांना हात लावायचा नाही. तिसरी गोष्ट जरा बारीक आहे. स्लॅब वर्षानुवर्षं किंचित वाकत जातो आणि खालच्या आडोशाच्या भिंतीवर हळूहळू टेकतो. ती भिंत काढली की तो आणखी एखादा मिलिमीटर खाली येतो आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची फरशी तडकते. इमारतीला धोका नसतो, पण सोसायटीच्या पुढच्या बैठकीला विषय मिळतो.

भूकंपाचं म्हणाल तर 'आयएस १८९३' या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. चिऱ्याच्या किंवा विटांच्या भरीव भिंती हिशेबात भारवाही नसल्या तरी इमारत आडवी हलताना तिला आवरतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. एका फ्लॅटमधली एक भिंत काढल्यानं असं होत नाही. पण तळमजल्यावरच्या सगळ्या दुकानदारांनी एकामागून एक भिंती काढल्या तर इमारत नेमकी त्या अवस्थेकडे जाते. प्रत्येकाला वाटतं, आपण काय, एकच तर काढली.

## "स्लॅबचं घर आहे, म्हणजे खांब असणारच ना?"

गोव्यातला सगळ्यात मोठा घोटाळा इथं होतो.

आखातातला आणि बोटीवरचा पैसा घरी येऊ लागला तशी गावोगाव कौलांच्या जागी स्लॅबची घरं उभी राहिली. स्लॅबचं घर म्हणजे पक्कं घर, अशी समजूत तेव्हाची. त्यातल्या कितीतरी घरांत काँक्रीट फक्त स्लॅबपुरतं आहे. खांब नाहीतच. नऊ इंची चिऱ्याच्या भिंती घातल्या आणि त्यांच्यावर थेट स्लॅब ओतला. ही पद्धत चुकीची नव्हे. नीट बांधलेलं असं घर पिढ्यान् पिढ्या टिकतं. फक्त त्यात स्लॅबखालची जवळजवळ प्रत्येक भिंत भारवाही असते, आणि बाहेरून ते घर खांबाच्या बंगल्यासारखंच दिसतं.

फसवणारी आणखी एक खूण म्हणजे लिंटल. दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून, जमिनीपासून सातेक फुटांवर, काँक्रीटचा पट्टा घरभर फिरवलेला असतो. गिलाव्याला तिथं बारीक रेघ उमटलेली असली की घरमालक ती दाखवून सांगतात, "हा बघा बीम." तो बीम नव्हे. लिंटल फक्त दाराच्या वरचे चिरे धरून ठेवतो. स्लॅब पेलणारा बीम असलाच तर तो स्लॅबला चिकटून, छताच्या खाली उतरलेला असतो.

खात्री करायची तर छताला लागून भिंतीचा हातभर गिलावा छिन्नीनं अलगद उडवा. चिरा स्लॅबच्या तळापर्यंत गेलेला दिसला, मध्ये फक्त सिमेंटचा बोटभर थर असला, तर स्लॅब त्या भिंतीवर बसलेला आहे, चर्चा संपली. स्लॅबखाली नऊ ते बारा इंच काँक्रीट दिसलं आणि त्याच्या खाली चिरा लागला तर तिथं बीम आहे. पण म्हणून लगेच घण उचलू नका. तो बीम दोन्ही टोकांना कशावर टेकलाय ते पाहायचं. टोकाला काँक्रीटचा खांब असेल तर ठीक. खांब नसेल, तर तो बीम खालच्या भिंतीवर पूर्ण लांबीभर झोपलेला असू शकतो. मग त्यात सळ्याही तेवढ्याच घातलेल्या असतात, आणि खालची भिंत काढली की तो आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या अर्थानं बीम होतो. ते त्याला झेपेल याची काहीच हमी नाही.

भिंतीवर थापा मारून मात्र यातलं काहीही कळत नाही. भरीव आणि पोकळ यातला फरक कळतो, वर काय बसलंय ते नाही.

## वजन म्हणजे किती?

आकडे मांडले की गोष्ट डोक्यात बसते. समजा दोन खोल्या आहेत, प्रत्येकी साडेतीन मीटर रुंद, आणि मधल्या भिंतीचा तीन मीटर भाग काढायचाय. भिंतीच्या दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा स्लॅब तिच्यावर येतो, म्हणजे साडेतीन मीटर गुणिले तीन मीटर, साडेदहा चौरस मीटर. बारा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो. फरशी, तिच्याखालचा थर आणि छताचा गिलावा मिळून आणखी १०० धरा. माणसं आणि सामान यांच्यासाठी मानकानुसार २०० किलो धरतात. झाले ६०० किलो. साडेदहा चौरस मीटरचे सहा हजार तीनशे, म्हणजे सहा टनांहून जास्त.

हा झाला एक स्लॅब. वर माडी असेल आणि तिथंही त्याच रेषेत नऊ इंची भिंत असेल, तर त्या तीन मीटर भिंतीचे चार-साडेचार टन आणि गच्चीच्या स्लॅबचे पाच-सहा टन यात मिळवा. तळमजल्यावरच्या त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या भिंतीच्या तुकड्यावर पंधरा-सोळा टन बसलेले असतात. भरलेले रेतीचे दोन टिप्पर.

## "आमचं घर कौलारू, मग वजन कसलं?"

मंगळुरी कौलं, रिपा आणि वासे मिळून चौरस मीटरला साठ-सत्तर किलोच भरतात, स्लॅबच्या मानानं काहीच नाही. पावसाळ्यात कौलं पाणी पितात तेव्हा थोडं वाढतं. इथं धोका वजनाचा कमी आणि रेट्याचा जास्त.

उतरत्या छपराचे वासे वर आढ्यावर आणि खाली बाहेरच्या भिंतीवर टेकलेले असतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत मधली भिंत पुष्कळदा आढ्यापर्यंत चढवलेली असते आणि आढं तिच्यावर बसतं. आढं जोपर्यंत जागेवर आहे तोपर्यंत वासे सरळ खाली ओझं देतात. ती भिंत काढली आणि आढं दोन बोटं जरी खाली बसलं, तरी वाशांचे पाय बाहेर सरकायला बघतात आणि बाहेरच्या भिंतीचा माथा बाहेर ढकलतात. आत काढलेल्या भिंतीचा परिणाम बाहेर, वसरीच्या (ओसरीच्या) बाजूला दिसतो: भिंत आणि आडवी भिंत मिळते त्या कोपऱ्यात वर रुंद, खाली अरुंद अशी उभी भेग. घरमालक तिचा आणि आतल्या कामाचा संबंधच लावत नाही, पाया खचला असं समजून भलतीकडेच पैसे घालतो.

राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक, असलेल्या घरात तर चारी बाजूंची छपरं आत उतरतात आणि त्यांच्या पन्हळी राजांगणाच्या कोपऱ्यांत एकत्र येतात. त्या कोपऱ्यातले खांब आणि भिंती सोडून बाकी कशाचाही विचार करावा.

भावकीतल्या वाटणीची भिंत हा आपल्याकडचा खास प्रकार. दोन भाऊ वेगळे झाले तेव्हा मोठ्या सालाच्या (दिवाणखान्याच्या) मधोमध चार इंची भिंत घातली, आता नातवंडांचं पटतं, एकच हॉल हवाय. ती भिंत मुळात नुसता आडोसा होती यात शंका नाही. पण मधल्या तीस-चाळीस वर्षांत वरच्या लाकडाला वाळवी लागली, तुळई खाली आली आणि त्या भिंतीवर विसावली, असं झालेलं असू शकतं. तेव्हा भारवाही नसलेली भिंत आज भारवाही असते. माळ्यावर चढून, टॉर्च मारून, तुळई आणि भिंतीचा माथा यांच्यात फट आहे की नाही ते बघावं. सुरी सरकली तर बरं. सरकली नाही, तर आधी तुळईची डागडुजी, मग भिंत. मत्ती, किंदळ अशा जुन्या लाकडावर बाहेरून भरवसा वाटतो, पण छिन्नीची टोच मारल्याशिवाय आतलं कळत नाही.

आणखी एक. बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या आणि आतल्या मातीच्या, अशी घरं गोव्यात भरपूर आहेत, आणि चुन्याच्या गिलाव्याखाली दोन्ही सारख्याच दिसतात. मातीच्या भिंतीत नवा बीम टेकवायचा बेत असेल तर तो अर्ध्यावरच अडतो. कारण पुढे येईलच.

## बीम घातला की झालं?

झालं, पण घालायचा कसा ते महत्त्वाचं. आणि बीमपेक्षाही त्याची दोन टोकं महत्त्वाची.

आधी टेकू. भिंतीच्या दोन्ही बाजूंना, तिच्यापासून दोन-अडीच फुटांवर, लोखंडी प्रॉपची रांग उभी करतात. वर आणि खाली जाड फळ्या किंवा लाकडी सोट देऊन. प्रॉप थेट फरशीवर ठेवले तर ओझं एका बिंदूवर येतं, आणि खाली नुसती भरावाची माती असेल तर फरशीसकट बसतात. काम पहिल्या मजल्यावरचं असेल तर तळमजल्यावरही त्याच रेषेत टेकू हवेत, नाहीतर सगळं ओझं मधल्या स्लॅबच्या पोटावर येईल. स्क्रू फिरवून प्रॉप घट्ट करायचे, पण स्लॅब वर उचलायचा नाही. उचललात तर वरची फरशी तिथंच तडकेल.

मग बीम. भिंत पूर्ण पाडून मोकळ्या जागेत बीम चढवणं हा सोपा आणि वाईट मार्ग. जाड भिंतीत बरा मार्ग असा: आधी भिंतीच्या एका अंगाला, वरच्या बाजूला, अर्ध्या जाडीची खाच कटरनं कापायची, तिच्यात लोखंडी बीम सरकवायचा, वरच्या फटीत पोलादी पाचरी मारून घट्ट कोरडं मॉर्टर ठासायचं. ते आवळलं की दुसऱ्या अंगाला तसंच. दोन्ही बीम बोल्टनं एकमेकांना जोडले की मगच खालची भिंत, आणि तीही वरून खाली, थराथरानं. यात वरचं ओझं एका क्षणीही अधांतरी राहत नाही. ब्रेकर शक्यतो नकोच; चुन्यात किंवा मातीत बांधलेले चिरे त्याच्या हादऱ्यानं आजूबाजूलाही सुटतात.

काँक्रीटचा बीमही चालतो, पण असलेल्या स्लॅबखाली काँक्रीट वरपर्यंत ठासून भरणं अवघड, आणि तेवढ्या लांबीच्या बीमखालचे टेकू मानकानुसार किमान १४ दिवस काढता येत नाहीत. म्हणून लोखंड सोयीचं. फक्त आपल्या खाऱ्या हवेत ते उघडं ठेवू नये. नीट घासून, प्राइमर मारून, वर काँक्रीट किंवा जाळी आणि गिलावा चढवावा.

आता टोकं. आपल्या उदाहरणातले सहा टन आधी तीन मीटर लांब भिंतीवर पसरले होते. बीम आला की ते दोन टोकांवर जमा होतात, प्रत्येकी तीन टनांहून जास्त. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागल्यावर कडक होतो, पण तो काही काळा दगड नव्हे. बांधकामाच्या चिऱ्याची किमान ताकद मानकात दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ किलो धरली आहे, आणि सांधे, गारा, सुरक्षितता हे सगळं लक्षात घेऊन भिंतीवर प्रत्यक्षात त्याच्या दहाव्या भागाच्या आसपासच ओझं द्यायची मुभा असते. म्हणजे साडेतीन किलो. तीन टनांहून जास्त ओझं या दरानं वाटायला नऊशे-हजार चौरस सेंटिमीटर जागा लागते, नऊ इंची भिंतीत सव्वा ते दीड फूट लांब. बीमचं टोक मात्र सहा इंचच आत घुसवलेलं असतं. म्हणून टोकाखाली काँक्रीटची जाड उशी द्यावी लागते, तिला बेड ब्लॉक म्हणतात. ती नसेल तर टोकाखालचा चिरा भुगा होऊन गळायला लागतो. मातीच्या भिंतीत तर हा हिशेब बसतच नाही. तिथं बीमच्या टोकांना नवे खांब आणि त्यांना नवा पाया द्यावा लागतो.

पायाचंही तेच. भिंतीखालचा पाया लांबीभर सारखं ओझं घ्यायला बांधलेला होता, आता त्यावर दोन ठिकाणी एकवटलेलं ओझं येतं. तांबड्या, टणक जमिनीवर सहसा निभावतं. खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल जमिनीच्या) कडेला, भरावावर किंवा विहिरीजवळ घर असेल तर अभियंता पायाजवळ खणून बघायला सांगतो. ते टाळू नका.

काम कधी करायचं? चवथीला सुचतं, म्हणून चवथीच्या आधी पंधरा दिवस सुरू करतात, आणि तोच सर्वांत वाईट काळ. भिंती ओल पिऊन बसलेल्या, कौलं उघडली तर पाणी आत, मॉर्टर वाळत नाही. दिवाळीनंतर सुरुवात करून एप्रिलअखेर आटपावं, पुढच्या चवथीला हॉल तयार.

## "एवढं करण्यापेक्षा दुसरा काही मार्ग?"

आहे, आणि माझ्या मते बहुतेक घरांना तोच पुरतो. सगळी भिंत काढण्याऐवजी मध्ये पाच-सहा फुटांचं रुंद तोंड काढायचं, दोन्ही बाजूंना दोन-अडीच फूट भिंत आणि वर थोडा भाग ठेवायचा. बीम लहान लागतो, टोकांना भक्कम भिंत मिळते, खर्च निम्म्यावर येतो आणि गणपतीची खोली नि वसरी एकच वाटू लागते. जुन्या घरात तिथं कमान काढली तर घराला शोभतेही.

स्वयंपाकघराच्या बाबतीत एवढंच सांगतो की बांगडे तळल्यावर तो वास सोफ्यात किती दिवस राहतो, याचा विचार इंटेरियरच्या फोटोंत कुणी केलेला नसतो. एसी लावत असाल तर तो आता दोन खोल्या थंड करणार आहे.

## "शेजाऱ्यानं काढली, त्याला काही झालं नाही"

काही झालं नाही असं नव्हे, अजून दिसलं नाही. घराच्या हिशेबात सुरक्षिततेसाठी जास्तीची ताकद धरलेली असते. भिंत काढल्यावर घर त्या शिलकीवर उभं राहतं. माणसं-सामानाचे धरलेले दर चौरस मीटरचे २०० किलो रोजच्या वापरात कधी येतच नाहीत; वरच्या खोलीत माणसं आरतीला दाटीनं उभी राहतात त्या दिवशी येतात. त्यात दोन-चार पावसाळे सळीला गंज चढवतात. शिवाय शेजाऱ्याच्या भिंतीवर काय होतं हे तुम्हाला माहीत नाही, आणि बहुधा त्यालाही नाही.

## "मिस्त्री तीस वर्षं हेच करतोय"

त्याचा हात उत्तम असेल. चिरा कसा फोडायचा, टेकू कुठं ठोकायचा हे त्याला कुठल्याही अभियंत्यापेक्षा जास्त कळतं, आणि चांगला अभियंता त्याचं ऐकतोही. पण बीम किती खोल हवा, टोकाला किती दाब येईल, हे अंदाजानं सांगण्याची गोष्ट नाही. आणि काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची, याचा कागद मिस्त्री देत नाही. स्ट्रक्चरल इंजिनियर एकदा येऊन, बघून, एका पानाचं ड्रॉइंग देतो. या सगळ्या खर्चात त्याची फी सहसा सर्वांत लहान रक्कम असते, तरी कात्री पहिली तिलाच लागते.

## "घर माझं, परवानगी कशाला?"

रंग, गिलावा, फुटकी कौलं बदलणं ही किरकोळ कामं. घराच्या रचनेला हात लावणारा बदल मात्र पंचायतीकडे, नगरपालिकेकडे, पणजीत महानगरपालिकेकडे न्यावा लागतो, तोही नगर नियोजन खात्याकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याच्या किंवा वास्तुविशारदाच्या नकाशासह. त्यात स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट नावाचा कागद असतो, ज्यावर अभियंता रचनेची जबाबदारी सहीनिशी घेतो. जानेवारी २०१४ मध्ये काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३० हून अधिक माणसं गेली. तिथं मधल्या भिंतीचा संबंध नव्हता, पण त्या सहीचा अर्थ काय हे गोव्याला तेव्हा कळलं. पणजीतल्या फोंताइन्यश या जुन्या वस्तीसारख्या संवर्धन क्षेत्रात नियम आणखी कडक आहेत.

वडिलोपार्जित घरात आणखी एक गाठ असते. फॉर्म १ व १४ वर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या उताऱ्यावर, कितीजणांची नावं आहेत ते पाहा. गोव्याच्या कुटुंब कायद्यानुसार पती-पत्नीची मालकी बहुधा सामाईक असते आणि वाटणी कागदावर पूर्ण झालेली नसेल तर लिस्बनला असलेला चुलतभाऊही सहमालक असतो. त्यानं एक अर्ज केला की काम थांबतं, आणि तेव्हा स्लॅब प्रॉपवर उभा असतो. लेखी संमती आधी घ्यावी.

फ्लॅटमध्ये खांब, बीम, स्लॅब हे सगळ्यांच्या सामाईक मालकीचे. सोसायटीचं ना-हरकत पत्र हवंच. इमारत नवी असेल तर हेही लक्षात घ्या: रेरा कायद्याखाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेत दोष निघाला तर तो दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तुम्हीच भिंत काढलेली असेल तर त्याला बोट दाखवायला जागा मिळते.

## "आम्ही तर आधीच काढलीय"

घाबरून लगेच घर सोडायला नको, पण भेगांकडे बघा. गिलाव्यातल्या केसाएवढ्या, जाळीसारख्या रेषा वाळण्याच्या असतात, त्यांचं काही नाही. दाराच्या किंवा उघड्या जागेच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी भेग, बीमच्या टोकाखाली उभी भेग, स्लॅबच्या पोटात काढलेल्या भिंतीच्या रेषेला समांतर भेग, या तिन्ही ओझं वाट शोधत असल्याच्या खुणा. पूर्वी नीट लागणारं दार अचानक घासायला लागलं असेल तर तेही टिपून ठेवा. पावसात लाकूड फुगतं, पण मार्चमध्ये घासणारं दार फुगलेलं नसतं.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी खूण करून तारीख लिहा, आणि मध्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही कडांना चिकटवा. पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे. तोवर तिच्यात पुट्टी भरू नका. अभियंता आल्यावर त्याला तीच बघायची असते. तिरकी किंवा स्लॅबच्या पोटातली भेग वाढतेय असं दिसलं तर वाट न बघता काढलेल्या भिंतीच्या जागी प्रॉपची रांग लावा, खाली-वर फळ्या देऊन, आणि वरच्या खोलीतलं जड सामान, पुस्तकांचं कपाट, पाण्याची टाकी, त्या रेषेपासून लांब हलवा. नंतरही बीम घालता येतो. कामाचा क्रम जवळपास तोच, फक्त आता स्लॅब किती बसलाय ते मोजून तो तसाच धरायचा की जॅकनं थोडा सावरायचा, हे अभियंता ठरवतो.